टिपणीस काकूंनी पाहिलेलं व्हॅलेन्सिया

सिंगापूरला पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या टिपणीस काकूंनी आमच्या दारात उभं राहून माझ्या बायकोला सांगितलं, "मुग्धा ना तू? तुझा नवरा जिमला जात नाही हो."

या बाईंशी आमची ओळख तोवर लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती होती.

"जातो की, काकू," मुग्धा म्हणाली. "रोज सकाळी बॅग घेऊन जातो."

"बॅग जात असेल. घाम आलेला माणूस टी-शर्ट धुवायला टाकतो. तुमच्या कपडे वाळवायच्या बांबूवर एकदाही टी-शर्ट दिसला नाही. सरळ लिहिलंय की तिथे!"

मी त्या वेळी बॅगेसकट खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, पराठ्यासारखा प्राटा खात होतो. वर आलो तेव्हा मुग्धाने बॅग उघडली आणि तिला आतल्या टी-शर्टची घडी जशीच्या तशी मिळाली. पुढचं सांगत नाही.

सिंगापूरच्या सरकारी इमारतींमध्ये कपडे वाळत घालायचे ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर. कपडे ओवलेल्या बांबूचं एक टोक भिंतीतल्या नळीत खुपसायचं, दुसरं हवेत मोकळं. सकाळी बघितलं तर सगळ्या ब्लॉकला पताका लावल्यासारख्या दिसतात. तुम्हीआम्ही त्याकडे ढुंकूनही बघत नाही. टिपणीस काकू चहाचा कप घेऊन खिडकीत उभ्या राहतात आणि लोक पेपर वाचतात तशा समोरचा ब्लॉक वरपासून खालपर्यंत वाचून काढतात.

"वरच्या मजल्यावरच्या पोराला मिलिटरीचं बोलावणं आलं. हिरवे कपडे आलेत. पण धुते आईच." किंवा, "त्या कोपऱ्यातल्या बँकवाल्याची नोकरी गेली वाटतं. पांढरे शर्ट बंद झाले, आता हाफ पँटी." दोन महिन्यांनी पांढरे शर्ट परत आले, तर काकूंनी शिरा करून आम्हाला वाटीभर आणून दिला. बँकवाल्याला काकू ठाऊक नव्हत्या, काकूंना त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

ही विद्या त्यांना नवऱ्यामुळे आली. टिपणीस काका सेम्बावांगला जहाजाच्या यार्डात इंजिनिअर होते. "त्यांचे बॉयलर सूट धुऊन धुऊन शिकले रे समीर," काकू मला सांगायच्या. "ग्रीस कुठे लागलंय त्यावरून सांगायची, आज इंजिनरूममध्ये होते का डेकवर. आणि बिअर कुठे सांडलीय त्यावरून बाकीचं." काका जाऊन तीन-चार वर्षं झाली. मुलगी टोरांटोला असते. ती दर रविवारी फोन करून ब्लडप्रेशर विचारते आणि काकू दर रविवारी तिला एकच आकडा सांगतात. "मोजत बसायला वेळ कुणाला आहे? तिला ऐकून बरं वाटतं ना, झालं तर."

तर अशा या काकू आमच्याबरोबर स्पेनला आल्या, त्याचं कारण आमची मुलगी इरा. जूनच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही चार दिवस व्हॅलेन्सियाला जायचं ठरवलं होतं. युरोपात जायची आमची ती पहिलीच वेळ. इरा काकूंकडे जाऊन म्हणाली, "आजी, यू ऑल्सो कम लाह."

"मी? स्पेनला? काय आहे तिथे?"

इराने फोनवर एका जुन्या गल्लीचा फोटो दाखवला. काकूंनी चष्मा लावला. गल्लीच्या टोकाला एक भव्य घुमट होता, तो त्यांना दिसला नाही.

"ही वरच्या गॅलरीतली बाई पांढऱ्यात रंगीत मिसळते," त्या म्हणाल्या. "व्हिसाला किती फोटो लागतात?"

व्हॅलेन्सियात उतरल्यावर पहिल्याच सकाळी काकूंचा मूड गेला. रुंद रस्ते, कोरीव गॅलऱ्या, गॅलऱ्यांत फुलझाडं, आणि एकाही गॅलरीत साधा रुमालसुद्धा वाळत नाही.

"हे लोक कपडे धुतात की नाही?" रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी विचारलं.

"आजी, डोन्ट शाउट लाह. एव्हरीवन लुकिंग," इरा म्हणाली.

कॅथीड्रलमध्ये एक पेला आहे. ख्रिस्ताने शेवटच्या जेवणात वापरला तोच हा, असं तिथले लोक मानतात. जगभरातून माणसं तो बघायला येतात. काकूंनी पेल्याला हात जोडले आणि वेदीवरच्या कापडाकडे बघत राहिल्या. "नीळ घातली आहे, पण माफक. हात चांगला आहे कुणाचा तरी." तिथून आम्ही रेशमाच्या जुन्या बाजारात गेलो. तिथल्या दालनात दगडी खांब आहेत, उंचच उंच आणि खालपासून वरपर्यंत पीळ दिलेले. मी माहितीपत्रक वाचून दाखवायला लागलो, तर काकू म्हणाल्या, "ठेव ते. दोन बाया दोन टोकांना धरून चादर पिळतात, ते आहे हे. कुणीतरी आईला बघून केलंय." मग खूप वेळ त्या एका खांबाला हात लावून उभ्या होत्या. मी ते पत्रक घडी करून खिशात टाकलं.

शहराच्या मधून लांबलचक बाग जाते. मुग्धाने सांगितलं, इथे आधी नदी होती, मोठा पूर आला म्हणून ती शहराबाहेर वळवली.

"नदीच हलवली?" काकूंना ते अजिबात पटलं नाही. "मग धुणाऱ्या बायकांनी काय करायचं? विचारलं तरी का त्यांना?"

दुपारच्या जेवणाने मात्र काकूंनी स्पेनला माफ केलं. पाएया आली ती परातीएवढ्या पसरट कढईत, पिवळा भात आणि त्यात सशाचं मटण. सशाचं ऐकून मुग्धा आणि इराने चमचे खाली ठेवले. काकू कायस्थ. त्यांनी सशाची तंगडी उचलली आणि तिच्याखाली त्यांना काहीतरी पांढरं, चपटं दिसलं.

"अरे, वाल!" त्या ओरडल्या. "समीर, वाल घातलेत यांनी भातात!"

ते कडवे वाल नव्हते, वालांचे कुणी धष्टपुष्ट नातेवाईक होते. पण काकूंचे डोळे भरून यायचे बाकी राहिले. भात संपल्यावर त्या कढईच्या बुडाची खरवड चमच्याने खरडायला लागल्या. मुग्धाने इकडेतिकडे बघितलं. तेवढ्यात वेटर धावत आला. आम्हाला वाटलं, रागावला. तो काकूंच्या हातातला चमचा काढून घेऊन त्यांना खरवड नीट कशी सोडवायची ते दाखवायला लागला. तिथे म्हणे त्या खरवडीवरून भांडणं होतात.

संध्याकाळी आम्ही भाड्याच्या फ्लॅटवर परतलो. तिसरा मजला, जुनी इमारत. काकू पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून त्यांची हाक आली. "मुग्धा! समीर! या, या, या!"

स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर नव्हती. ती इमारतीच्या पोटातल्या एका चौकोनी पोकळीत उघडत होती, वर आभाळाचा तुकडा, खाली फरशीचा चौक. त्या पोकळीत प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खिडकीखाली चाकांवरून फिरणाऱ्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर अख्ख्या इमारतीचे कपडे. चादरी, मोजे, बाळाची दुपटी, फुटबॉलचे टी-शर्ट, आजीबाईंचे लांब झगे.

"इथे लपवलंय होय!" काकू म्हणाल्या. "बाहेर फुलझाडं, आत खरं शहर."

त्यानंतर त्यांना त्या खिडकीतून हलवणं कठीण झालं. आम्ही होरचाता नावाचं थंड दुधासारखं पेय प्यायला खाली गेलो, त्यांच्यासाठी पेलाभर घेऊन आलो, तोवर त्यांना चार मजल्यांची माहिती झाली होती. समोरच्या बाईला जुळं आहे. वरच्याला पाठदुखी आहे. बरोबर आपल्या खाली एक म्हातारं जोडपं आहे, "बाई टापटिपीची. नवऱ्याचा पांढरा, निळ्या रेघांचा शर्ट आहे दोरीवर. चिमटे कसे लावलेत बघ, शिवणीवर. खांद्याला टोक येऊ देत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही मत्स्यालयाची तिकिटं काढली होती. निघायच्या आधी काकू म्हणाल्या, "एवढी दोरी आहे तर माझी साडी टाकते." सुती साडी, पाण्याने जड झालेली. पासिर रिसच्या बांबूवर ती आडवी मावते. इथली दोरी वावभर. काकूंनी साडी मधोमध दुमडली आणि दोन्ही टोकं खाली सोडून दिली. टोकं खालच्या मजल्यावर गेली आणि तिथल्या कोरड्या कपड्यांवर पाणी गळायला लागलं.

खालची खिडकी धाडकन उघडली. पांढऱ्या केसांचं एक डोकं बाहेर आलं, वर वळलं आणि स्पॅनिशमध्ये सुरू झालं.

काकूंनी दोन वाक्यं ऐकून घेतली. मग त्या मराठीत सुरू झाल्या. "अहो, ओरडता कशाला? पाणीच आहे, तेल नाही! तुमची दोरी पुढे आलीय, ती आधी बघा!"

खालून उत्तर आलं.

"मी? मला शिकवता वाळत घालायला?"

मी फोनवर भाषांतर काढून 'माफ करा' हे वाक्य शोधत होतो. दोघींनाही त्याची गरज दिसत नव्हती. एकमेकींचा शब्द कळत नसताना एकही उत्तर चुकत नव्हतं. आसपासच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या जुळ्यांच्या आईने दोन्ही पोरांना बघायला उचललं. शेवटी काकूंनी तावातावाने साडी वर ओढली. साडीचं टोक खालच्या दोरीत अडकलं, चिमटे उडाले आणि तो निळ्या रेघांचा शर्ट सुटून खाली, थेट चौकात गेला.

आणि सगळं शांत झालं.

खालच्या बाई शर्टाकडे बघत राहिल्या आणि मग हळूच खिडकी लावून घेतली. काकूंचा चेहरा उतरला. ती बाई आणखी ओरडली असती तर काकूंना परवडलं असतं.

खालचा चौक तळमजल्यावरच्या बेकरीच्या ताब्यात होता आणि बेकरी संध्याकाळपर्यंत बंद. "मी मासे बघायला येत नाही," काकू म्हणाल्या. "मासे मी ताटात बघते. शर्ट मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही." मुग्धा वैतागली, पण इराला घेऊन गेली. मी काकूंबरोबर थांबलो. बेकरीच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो होतो. काकू जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कॉलरी बघत होत्या, पण मोठ्याने काही वाचत नव्हत्या.

बेकरीवाला आला आणि त्याने शर्ट आणून दिला. खाली एसीचं यंत्र होतं, त्यावर पडल्यामुळे पाठीवर काळ्या ग्रीसचा हा एवढा डाग. मी मनातल्या मनात नवीन शर्ट कुठे मिळेल याचा विचार केला.

"नवीन कशाला?" काकू म्हणाल्या. "ग्रीस आहे. माझ्या घरातलं आहे ते."

वर येऊन त्यांनी डागावर आधी गोडं तेल चोळलं, मग भांड्याचा साबण. नळाखाली चोळता चोळता त्या मधेच थांबल्या. शर्ट उलटा केला. कॉलर बघितली. बाहीची घडी बघितली. मग नळ बंद केला.

"समीर, हा शर्ट कुणी घालत नाही."

"म्हणजे?"

"कॉलरला घामाची रेघ नाही, कोपरात चुणी नाही. कापड झिजलंय ते धुऊन धुऊन, अंगावर नाही. आणि बटणं बघ. अंगातून काढलेल्या शर्टाची बटणं उघडी असतात. ही सगळी लावलेली आहेत, गळ्यापर्यंत."

त्यानंतर संध्याकाळभर इरा शार्कबद्दल सांगत होती, तिला काकू "हो का गं?" एवढंच म्हणाल्या.

सकाळी काकूंनी शर्टाला इस्त्री केली आणि मला घेऊन खाली गेल्या. दार उघडलं. बाई काकूंच्याच वयाच्या, ठेंगण्या. त्यांनी शर्ट हातात घेतला, पाठीवरून हात फिरवला, डाग शोधला, सापडला नाही. मग काकूंच्या दंडाला धरून त्यांनी आम्हाला आत नेलं.

त्यांचं नाव आम्पारो. काकूंनी ते एकदा ऐकलं आणि 'अंबाताई' करून टाकलं. अंबाताईंनी टेबलावर पाव ठेवला आणि एक वाडगा. त्यात भाजून सोललेली लाल मिरची, हाताने उभी फाडलेली, लसूण, ऑलिव्हचं तेल, आणि खारवलेल्या माशाचे धागे. काकूंनी घास घेतला आणि माझ्याकडे वळल्या. "सुका मासा घातलेलं भरीत! समीर, हे लोक इतके दिवस होते कुठे?"

खाऊन झाल्यावर काकूंनी शर्टाकडे बोट केलं आणि मला म्हणाल्या, "विचार तिला. नीट विचार." मी फोनवर लिहिलं. फोनमधल्या बाईने ते स्पॅनिशमध्ये विचारलं. अंबाताई फोनकडे तोंड करून, शाळेत धडा म्हणावा तशा हळूहळू बोलल्या, आणि फोनने ते सपाट आवाजात इंग्रजीत सांगितलं. नवरा वारला आहे. वरचा फ्लॅट आता पाहुण्यांना भाड्याने देतात, दर आठवड्याला परकी माणसं येतात. त्यांना कळू नये की खाली बाई एकटी राहते, म्हणून शर्ट.

ती परकी माणसं म्हणजे आम्हीच. मी फोन खाली ठेवला.

काकूंनी खुर्ची पुढे सरकवली आणि अंबाताईंचा हात हातात घेतला. मग त्या मराठीत बोलायला लागल्या. मी फोन उचलला तर म्हणाल्या, "राहू दे."

"मीही करते हो हे, अंबाताई. माझ्याकडे चोराची भीती नाही, आमच्याकडे चोरसुद्धा रांगेत उभे राहतील. पण एकटीचे कपडे ते किती? एक साडी, एक परकर, एक टॉवेल. अर्धा बांबू रिकामा राहतो. ते गेल्यावर पहिल्यांदा तो बांबू बाहेर काढला ना, तेव्हा वाटलं, सगळ्या दुनियेला दिसलं. मग आत घेतला, त्यांचा चौकड्यांचा शर्ट काढला, भिजवला आणि घातला. तेव्हापासून दर आठवड्याला घालते. समोरच्या ब्लॉकमध्ये एक लिम आंटी आहे, कधी भेटलो नाही, लांबूनच हात करते. ती शर्टाकडे बोट दाखवते आणि अंगठा वर करते. म्हणजे नवरा बरा आहे ना? आणि मीही करते अंगठा वर. मेलेल्या माणसाचा."

अंबाताईंना यातलं किती कळलं, देव जाणे. त्या मान हलवत होत्या आणि काकूंच्या हातावर हलकेच थोपटत होत्या.

मला कळत होतं. आमच्या खिडकीला लागूनच काकूंची खिडकी. दर आठवड्याला तो शर्ट माझ्या नाकासमोर वाळत होता आणि मी तो कधी पाहिला नव्हता.

विमानात काकू माझ्या शेजारी होत्या. त्या बराच वेळ खिडकीबाहेर ढग बघत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या लिमबाईला सांगून टाकते. फार झालं हे."

परतल्यानंतरच्या रविवारी मी आमच्या खिडकीतून बघितलं, तर काकू खालचा कार पार्क ओलांडून समोरच्या ब्लॉककडे निघाल्या होत्या. चांगली साडी, हातात स्टीलचा डबा. त्या गेल्या त्या दुपारच्या जेवणापर्यंत आल्या नाहीत. मुग्धा काळजीत पडली. शेवटी बेल वाजली आणि काकू आत येऊन सोफ्यावर बसल्या.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हटलं, बाई, माझा नवरा या जगात नाही, मी इतकी वर्षं तुला फसवलं. तर म्हणाली काय माहितीये?" काकूंनी तिची नक्कल केली. "'आय नो लाह! युअर हसबंड व्हेरी क्लीन वन. नेव्हर स्वेट, नेव्हर डर्टी. एव्हरी वीक सेम शर्ट. मस्ट बी डेड, वॉट.'"

मुग्धाने तोंडावर हात ठेवला. काकू हसायला लागल्या.

"मी म्हटलं, मग अंगठा कशाला करायचीस? तर म्हणाली, नवऱ्याचं नव्हतेच विचारत. तू बरी आहेस का, ते विचारत होते. तू अंगठा केलास की मी माझ्या कामाला लागायची."

हसता हसता काकूंनी पदराने डोळे टिपले. इराने न सांगता पाण्याचा ग्लास आणून दिला. काकू तो प्यायल्या, नाक पुसलं आणि मुग्धाकडे वळल्या.

"उद्या तिला चहाला बोलावलंय मी. चहात दूध घालत नाही म्हणे. नुसतं पिवळं पाणी पिते, आणि तेही बिनसाखरेचं. कसं व्हायचं गं आमचं?"